बाईंच्या दारातला गतिरोधक

मी बांधकाम खात्यात मुकादम होतो. शेवटची पंधरा-सोळा वर्षं शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेली. रस्ते केले, मोऱ्या बांधल्या, पावसाळाभर खड्डे बुजवले. पण आता कुणी माझी ओळख करून देतं तेव्हा एवढंच म्हणतं, "हे स्पीड ब्रेकरवाले." लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा माणूस कंबरेवर हात ठेवून विचारतो, "म्हणजे आमच्या नाक्यावरचा तुमीच घातला काय?" मी आधी विचारतो, "कसा आहे?" बरा आहे म्हणाला तर मी हो म्हणतो.

आमच्या भागात हे खूळ नव्वद सालानंतर आलं. त्याआधी आतल्या गल्ल्या, आळ्या खडीच्या किंवा मातीच्या होत्या आणि खड्डे हेच काम फुकटात करत होते. मग स्टेशनांच्या आसपास इमारती उभ्या राहिल्या, घरटी मोटरसायकल आली. लोक डांबरी रस्ता मागायचे. रस्ता झाला की गावजेवण घालायचे आणि महिन्याभरात परत ऑफिसात यायचे. "साहेब, गाड्या लय जोरात जातात. काहीतरी आडवं टाका."

हे आडवं टाकणं दिसतं तितकं सोपं नाही. लोकांना वाटतं, डांबर-खडीचा ढीग ओतला, फावड्यानं थोपटला, झालं. तसा ढीग ओतला तर एसटीचं पोट घासतं आणि मागच्या बाकावरची म्हातारी टपाला लागते. घरांच्या रस्त्यावरचा खरा गतिरोधक बारा फूट रुंद असतो आणि मधोमध फक्त चार इंच उंच. बसलेल्या म्हशीची पाठ असते ना, तसा सावकाश चढणारा आणि सावकाश उतरणारा. गाडी हळू असेल तर त्याच्यावरून डुलत जाते, जोरात असेल तर आपटते. त्यासाठी आमच्याकडे फर्मा असायचा. फर्मा म्हणजे खालून कमानीसारखी कापलेली लांब फळी. ओल्या मालावर ती आडवी धरायची, कुठे उजेड दिसला की तिथे माल कमी, कुठे अडली की तिथे जास्त. माझ्या टोळीतल्या सोमाला मात्र फळी लागत नसे. सोमा शेणवे गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीवरचा. तो उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "मुकादम, डाव्या अंगाला दोन बोटं चढलाय." मी फळी लावून बघायचो. दोन बोटंच निघायची.

गतिरोधक मागायला माणसं काय काय कारणं घेऊन येतात, त्याचं एक उदाहरण सांगतो. मुरबाडला एका आळीत गोटीरामभाऊ म्हणून भाताचे शेतकरी राहायचे. ते रोज ऑफिसात यायचे, बाकावर बसायचे, चहा प्यायचे आणि जाताना म्हणायचे, "आमच्या दारात एक टाका." कारण विचारलं की म्हणायचे, "पोरं असतात." त्यांच्या घरात पोरं नव्हती. शेवटी एकदा मी जागा बघायला गेलो तेव्हा ओटीवर बसवून त्यांनी खरं सांगितलं. त्यांची मुलगी पलीकडच्याच गावात दिलेली. लग्नातल्या मानपानावरून व्याह्यांशी बिनसलं आणि जावयानं सासऱ्याचा उंबरठा सोडला. पण त्याला बाजाराला जायला रस्ता तोच. दर बाजारच्या दिवशी मोटरसायकल दारावरून सुसाट जायची आणि मागं मुलगी बसलेली असायची.

"मुकादम, पदर दिसतो नुसता," गोटीरामभाऊ म्हणाले. "तोंड दिसत नाय. जरा हळू झाली तर तोंड दिसंल."

आता असं कारण कुठल्या रकान्यात लिहायचं? पण देव पावला. त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून बालवाडी होती. बालवाडीसमोर गतिरोधक नियमात बसत होता. मी तो नियमातच बसवला, फक्त बालवाडीच्या अलीकडच्या अंगाला. पहिल्या बाजारी जावई आपटला आणि शिव्या देत गेला. दुसऱ्या बाजारी हळू झाला आणि मुलीनं वळून बापाकडे बघितलं. चौथ्या की पाचव्या बाजारी ती म्हणे चालत्या गाडीवरून उतरली आणि सरळ ओटीवर येऊन बसली. जावयाला गाडी वळवून यावंच लागलं. सासूनं चहा ठेवला. गोटीरामभाऊ पुढं ऑफिसात यायचे बंद झाले, आणि आम्हाला बाकावर त्यांची जागा रिकामी बघून चुकल्यासारखं व्हायचं.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती वाशिंदची.

स्टेशनमागे एक आळी होती. एका बाजूला जुनी शेतकऱ्यांची घरं, दुसऱ्या बाजूला नव्या दुमजली चाळी. मोठ्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक पडलं की सगळ्या रिक्षा या आळीतून घुसायच्या. या आळीत लीलाबाई राहायच्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका, अख्खं गाव त्यांना बाई म्हणायचं. त्यांचे यजमानही शिक्षक, भूगोलाचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. काचबिंदूनं मास्तरांची नजर हळूहळू गेली होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण माणूस मानी. कुणी हात धरला तर झटकायचे. हातात काठी असायची, ती कुत्र्यांसाठी आहे असं सांगायचे.

मास्तरांच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे बबनचं सलून होतं. सकाळी दहाला आणि दुपारी साडेचारला मास्तर तिथं जायचे. बबन पेपर मोठ्यानं वाचायचा, चुकीचा वाचायचा आणि मास्तर ते सुधारायचे. बबननं एखाद्या देशाचं नाव घेतलं की त्याची राजधानी, नद्या, पिकं सगळं बाहेर पडायचं. निम्म्या दाढीवरची गिऱ्हाइकं खोळंबायची, पण उठायची नाहीत. ती बैठक म्हणजे मास्तरांची शाळाच होती. तिथं पोचायला वीस फुटांचा रस्ता एकट्यानं ओलांडावा लागे, आणि तो ते ओलांडत असताना बाई दाराची चौकट घट्ट धरून उभ्या असायच्या. एकदा रिक्षाच्या आरशात अडकून मास्तरांची बाही फाटली. बाईंनी त्या दिवशी सदरा शिवला आणि आमच्या ऑफिसला पहिला अर्ज लिहिला. मास्तरांना न सांगता.

आमच्या ऑफिसनं नेहमीचं उत्तर पाठवलं, मागणी विचाराधीन आहे वगैरे. आठ दिवसांत ते उत्तर परत आलं. त्यावर लाल शाईनं सात खुणा होत्या. "गतीरोधक" या शब्दातल्या 'ती'भोवती गोल आणि समासात टीप, "ति ऱ्हस्व." खाली शेरा, "आशय अस्पष्ट. पुन्हा लिहा."

आमचे साहेब तेव्हा नवे होते, अभियंता म्हणून पहिलीच नेमणूक. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "मुकादम, ह्या कोण?"

"वाशिंदच्या बाई आहेत, साहेब."

"मारतात का?"

"आता नाही मारत."

साहेबांनी उत्तर पुन्हा लिहिलं. ते तीन खुणांसह परत आलं. तिसऱ्या वेळी साहेबांनी उत्तर लिहिलंच नाही, मला म्हणाले, "चला, गतिरोधकच घालून टाकू. तो सोपा."

आम्ही खडू घेऊन आळीत गेलो. जागा ठरवायची होती. आळीतल्या प्रत्येकाला गतिरोधक हवा होता आणि आपल्या दारात नको होता. पहिल्या दारात रेघ मारली तर घरातली वहिनी म्हणाली, "इथं नको हो, रिक्षा आपटल्या की मांडणीवरची भांडी पडतील." पुढे सरकलो तर शिंपी म्हणाला, "माझी टीप वाकडी जाईल." त्यापुढे बळीरामकाका म्हणाले, "पावसाचं पाणी तुंबून माझ्या पडवीत येईल." आमची रेघ पुसत पुसत, परत मारत मारत आळीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथं बबनशेजारच्या गिरणीवाल्यानं पिठानं भरलेले हात जोडले.

एवढ्यात रमेश आला. रमेश म्हणजे स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांचा म्होरक्या. रिक्षा आडवी घालून म्हणाला, "मुकादम, काय चाललाय? आमचा टाइम जातो त्याचं काय? माझ्या पॅसेंजरची सात-बाराची लोकल चुकली तर तुमचे साहेब पोचवणार काय ऑफिसला?"

आमच्याकडे निम्मं गाव सातबारासाठी भांडतं आणि निम्मं सात-बाराच्या गाडीसाठी. मी काही बोलणार, तोच मागून आवाज आला.

"रमेश, रस्त्यात रिक्षा अशी लावतात का?"

रमेशनं दचकून रिक्षा कडेला घेतली. तो बाईंचा विद्यार्थी. आळीतले निम्मे लोक बाईंचेच विद्यार्थी होते, म्हणून सगळे सरळ उभे राहिले.

"आमच्या दारात घाला," बाई म्हणाल्या. "भांडी मी खालच्या फळीवर ठेवीन."

त्याच आठवड्यात मास्तर मुलीकडे आसनगावला राहायला गेले होते. बाईंना तीच वेळ हवी होती. एका सकाळी आम्ही पिंपाखाली जाळ लावून डांबर तापवलं. सोमानं रस्ता झाडून कुदळीनं खरवडला, म्हणजे नवा माल जुन्याला धरतो. झारीनं पातळ डांबर शिंपडलं, त्यावर गरम खडीचा माल पसरला. फर्मा फिरवला, हातरोळ दाबला. निवेपर्यंत रस्ता बंद. आळीतल्या बायका ओटीवर बसून भाजी निवडत बघत होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या की पापडाची लाटी अशीच कडेनं दाबावी लागते. माल निवल्यावर पेंटरनं पांढरे पट्टे मारले आणि दोन्ही बाजूंना पाटी रोवली. पाटीवर त्यानं "पुढे गतीरोधक आहे" असं लिहिलं होतं. बाईंनी त्याला शिडीवर परत चढवलं.

पहिली रिक्षा रमेशचीच गेली. पलीकडे थांबून तो म्हणाला, "मुंगी चावल्यासारखा वाटला नुसता. एवढ्यासाठी एवढा ऱ्हाडा?" मला ती शाबासकीच वाटली.

मी समाधानानं घरी गेलो. पट्टे होते, पाटी होती, उंची बरोबर, उतार बरोबर. नियमात जे जे सांगितलं होतं ते ते सगळं केलं होतं.

मास्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. बाईंनी ठरवलं होतं, रात्री जेवताना सांगू. धीर झाला नाही. सकाळी चहाबरोबर सांगू. तेव्हाही झाला नाही, कारण आपल्यासाठी कुणी अर्ज केला हे ऐकून मास्तर काय म्हणतील ते त्यांना पाठ होतं. दहा वाजता त्या आत फोडणी घालत होत्या आणि मास्तर नेहमीसारखे निघाले. त्या रस्त्याची सपाटी त्यांच्या पावलांना पाठ होती. चौथ्या पावलाला जमीनच वर आली. काठी सुटली आणि ते हातावर पडले.

रमेश स्टेशनकडून येत होता. त्यानं रिक्षा सोडून धाव घेतली. मास्तरांना उचलून रिक्षात घातलं, बाईंना शेजारी बसवलं आणि दवाखान्यात नेलं. डावं मनगट मोडलं होतं, हनुवटीला टाके पडले.

मला दुपारी शेणव्याच्या कामावर निरोप आला. मी हातातलं फावडं तसंच धरून उभा राहिलो. सोमा घमेलं उपडं करून त्यावर बसला. तो म्हणाला, "मुकादम, पांढरा पट्टा त्येला दिसनार व्हता काय?"

मी फावड्याचं पातं खरवडायला लागलो.

"पाटी वाचनार व्हता काय?"

"गप रे सोमा."

"आपून गाडीवाल्याचा इचार केला. चालनाऱ्याचा नाय केला."

माझ्या नोकरीतलं हे एक वाक्य मला अजून बोचतं, आणि ते सोमाचं आहे, कुठल्या साहेबाचं नाही. ज्याच्यासाठी ते काम निघालं, त्यालाच ते कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी सांगितलं नाही हे खरं, पण मीही अर्जातलं कारण वाचलं होतं. "दृष्टिहीन ज्येष्ठ नागरिक" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. वाचून मी पांढरे पट्टे किती लागतील याचा हिशेब केला होता.

चार दिवसांनी बाईंचा दुसरा अर्ज आला. "माझ्या दारातील गतीरोधक तात्काळ काढून टाकावा." साहेबांनी कागद मला दाखवला आणि बोट एका शब्दावर ठेवलं. त्यातली 'ती' दीर्घ होती. बाईंच्या हातून ही चूक झाली होती. साहेबांनी खाली आदेश लिहिला.

मी सोमाला आणि आणखी दोघांना घेऊन गेलो. कुदळी, पहारी टेम्पोतून काढल्या आणि बघतो तर गतिरोधकाच्या बरोब्बर माथ्यावर मास्तर उभे. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, उजव्या हातात काठी, पाय अनवाणी. दोन्ही बाजूंना रिक्षा खोळंबलेल्या.

"कोण, मुकादम का?"

"हो, मास्तर. मी... माझी चूक झाली. तुम्हाला आधी सांगायला..."

"ते नंतर. आधी सांगा, कशाला आलात?"

"काढायला आलोय. आदेश आहे."

"कुणाचा अर्ज?"

मी बाईंच्या दाराकडे बघितलं. बाई उंबऱ्यावर आल्या होत्या. "माझा," त्या म्हणाल्या. "आत या बघू. मुकादम, तुम्ही खणा."

"खणायचं नाही," मास्तर म्हणाले. "आणि घालायचा अर्ज कुणाचा होता?"

रमेशनं रिक्षाचं इंजिन बंद केलं.

"तोही माझाच," बाई म्हणाल्या.

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," मास्तर म्हणाले. काठी खाली टेकून म्हणाले, "आणि चुकलो असतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पहार खाली ठेवली. ते म्हणाले, "मुकादम, नजर गेल्यापासून आठ वर्षं मी हा रस्ता ओलांडतोय. घरून सलूनकडे निघतो, पण सरळ जातोय की तिरका, ते कळत नाही. कधी गिरणीत पोचतो, कधी गटारात. बबनला विचारा. तो मुकाट्यानं येऊन मला वळवतो आणि दोघंही त्यावर कधी बोलत नाही. गेले तीन दिवस, ह्या झोपल्या की दुपारी मी यावर चालून बघतोय. तुमचा हा उंचवटा माझ्या दारापासून बबनच्या पायरीपर्यंत सरळ आहे. मी माथ्यावर असलो की दोन्ही पावलं एका उंचीवर राहतात. डावं पाऊल खाली जायला लागलं की समजायचं, डावीकडे सरकलो. मग उजवीकडे यायचं. एवढं सोपं आहे."

आणि चालून दाखवलं. काठी न टेकता, मान ताठ ठेवून, रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांच्या पुढून ते बबनच्या पायरीवर पोचले आणि वळून परत आले. बबन हातात वस्तरा घेऊन दारात उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच्या गिऱ्हाइकाच्या एकाच गालाला साबण.

मी साहेबांना बोलावून घेतलं. लेखी आदेश मोडायचा तर मुकादमाच्या अंगलट येतं. साहेब आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, मला पटतं, पण हे कागदावर कसं मांडू? चार इंचाचा उतार पायाला कळतो हे वर कुणाला पटणार?"

"बूट काढा," मास्तर म्हणाले.

साहेबांनी बूट काढले. बाईंनी स्वतः त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. आधी त्यांना वरच्या अंगाला, सपाट रस्त्यावर उभं केलं आणि सांगितलं, समोरच्या खांबापर्यंत जा. साहेब ऐटीत निघाले. पाच-सहा पावलं ठीक गेली, मग हळूहळू डावीकडे झुकत झुकत गटाराच्या काठाशी आले. सोमानं कॉलर धरली म्हणून वाचले. मग त्यांना बाईंच्या दारातून गतिरोधकावर सोडलं. दोनदा पाऊल घसरलं, दोनदा सावरलं आणि त्यांचा हात सलूनच्या चौकटीला लागला. डोळ्यांवरचं फडकं काढून ते एखाद्या मुलासारखे हसले.

त्यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. शिंप्यानं डोळे बांधून घेतले. मग वहिनींनी. बळीरामकाका गिरणीवाल्याच्या अंगावर गेले आणि पांढरे होऊन परतले. रमेश म्हणाला, "मला बांधा, मी तर डोळं मिटून या आळीत रिक्षा चालवतो." बाई म्हणाल्या, "तेच तर आमचं दुखणं आहे." तासभर आळीचा रस्ता बंद होता आणि कुणी हॉर्न वाजवला नाही. फाटकावरून येणारे उतरून चौकशी करत होते, इथं काय आहे म्हणून.

कागदाचा प्रश्न बाईंनीच सोडवला. आत जाऊन तिसरा अर्ज लिहून आणला, "गतिरोधकाविषयीचा माझा दुसरा अर्ज रद्द समजून पहिला कायम करावा." साहेबांनी तो नीट वाचला. 'ति' ऱ्हस्व होती.

मास्तर त्यानंतर सहा वर्षं रोज दोन वेळा त्या माथ्यावरून गेले. रमेशनं स्टेशनवर सगळ्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं होतं, "मास्तर वर असले की सिग्नल लाल. खाली उतरले की हिरवा." त्याच्या पॅसेंजरांची गाडी त्यामुळे चुकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतली. गतिरोधक निवला की चपला काढायच्या, डोळे मिटायचे आणि त्याच्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत चालायचं. कुठे कुणी नजर गेलेलं राहतं का, कुणी कुबड्या घेऊन चालतं का, ते आळीत विचारायचं, आणि असलं तर त्यांना हाताला धरून आधी जागा दाखवायची. एका गावात लोकांना वाटलं मुकादमाचा नवस आहे. एका म्हातारीनं माझ्यापुढे नारळ ठेवला. सोमानं तो फोडून वाटला. पण त्याआधी मी जे घातले, पाच-सहा वर्षांतले, त्यांच्यावर कोण अडखळलं असेल, कुणाचं मनगट मोडलं असेल, ते मला माहीत नाही. मला कुणी सांगायला आलं नाही आणि मीही विचारायला गेलो नाही. ते राहिलंच.

मास्तर गेले तेव्हा मी आसनगावच्या पलीकडे कामावर होतो. पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. बबननं त्या दिवशी सलून बंद ठेवलं होतं. पुढे बाई मुलीकडे राहायला गेल्या. माझी नोकरी संपली. सोमा वाडीवर परतला, त्याचं आता काजूचं बरं चाललंय.

गेल्या वर्षी एका लग्नाला वाशिंदला गेलो. स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला पंचविशीतला, ओळखीचा नव्हता. फाटक पडलेलं, म्हणून त्यानं रिक्षा आळीत घातली. मी ओळखलंच नाही. जुनी घरं पाडून इमारती झालेल्या, सलूनच्या जागी मोबाइलचं दुकान, आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत नवा सिमेंटचा, आरशासारखा सपाट. गतिरोधक नव्हता. पट्टे नाहीत, पाटी नाही. नव्या रस्त्याखाली गाडला गेला होता. असं होतंच, मला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

पण बाईंचं दार जिथं होतं तिथं आलो आणि रिक्षावाल्यानं गिअर उतरवला. रिक्षा पावलाच्या चालीनं ती जागा ओलांडून गेली. समोरून दुसरी आली, तीही तिथं हळू झाली. मागची मोटरसायकल पण.

मी म्हटलं, "का रे, हळू का केलीस? रस्ता तर मोकळा आहे."

"काय म्हायत नाय काका," तो म्हणाला. "इथं सगळेच करतात. रिक्षा शिकलो तवापासनं."

"खड्डा होता का पूर्वी?"

"नाय वाटत. पण इथं हळूच घ्यायची, आमच्या लायनीत तसाच हाय."

मी मान बाहेर काढून मागं बघत राहिलो. कोपरा वळेपर्यंत आणखी दोन रिक्षा आल्या, आणि दोन्ही तिथं हळू झाल्या.